रावान आधी शेकावी लागते

नमस्कार. मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय ना? पावसाचा आवाज पत्र्यावर इतका आहे की मला वाटतं, मी बोलण्याऐवजी त्यालाच बोलू द्यावं. पण वाचनालयाच्या मंडळींनी मला चहा पाजलाय, तेव्हा बोलायलाच हवं.

हे माझ्या हातात काय आहे, ते आधी सांगतो. हिला रावान म्हणतात. लाकडी कडं आणि त्यावर बकरीचं कातडं. आपल्या डफाची थोरली बहीण म्हणा, मांडीवर उभी धरून वाजवायची. ऐका. (वाजवतात.) ऐकलंत? ओल्या गोणपाटावर थाप मारल्यासारखा आवाज. दोष रावानेचा नाही, रत्नागिरीच्या श्रावणाचा आहे. कातडं दमट हवेत सैल पडतं. मॉरिशसमध्ये वाजवायच्या आधी पाचोळा पेटवतात आणि त्या जाळावर रावान फिरवून फिरवून शेकतात. मधूनच नखाने टिचकी मारून बघतात, पुन्हा शेकतात. आपल्याकडे हलगीवाले हेच करतात, तुम्ही पाहिलं असेल. तेव्हा ही अशीच राहू द्या, शेवटी बघू.

विषय आहे मॉरिशसचे लोकप्रिय गायक आणि वाद्यवृंद. देश केवढा? क्षेत्रफळ सुमारे 2040 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा चौथा हिस्सा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. आणि गंमत अशी की तिथे मूळ रहिवासी असा कोणी नाहीच. डच आले, गेले. फ्रेंच आले, त्यांनी मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून गुलाम आणले. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. 1835 मध्ये गुलामगिरी संपली, पण उसाला माणसं हवीच होती. म्हणून 1834 पासूनच हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, येऊ लागले होते. बिहारी, तमिळ, तेलुगू आणि मुंबई बंदरातून चढलेली आपली कोकणातली माणसं. सगळे बाहेरचे. मग तिथे ‘आमचं गाणं’ म्हणायचा हक्क कोणाचा? माझं आजचं बोलणं या एका प्रश्नाभोवतीच फिरणार आहे.

त्या देशाचं गाणं म्हणजे सेगा. गुलामांचं गाणं. दिवसभर मळ्यात राबायचं आणि रात्री समुद्रकाठी जाळ करून गायचं. वाद्यं तीनच. रावान. दुसरं मारावान, म्हणजे उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची चपटी पेटी, आत कडक बिया, दोन्ही हातांत धरून खुळखुळवायची. आणि तिसरा त्रिकोण, लोखंडाचा. मला ते मारावान फार आवडतं. ज्या उसाने पाठ मोडली त्याच्याच काड्यांचं वाद्य!

ठेका सहाचा. टेबलावर दाखवतो. धा-धि-ना, धा-ति-ना, आपला दादराच धरा, पण झुलता आणि जरा रेटलेला. नाचणाऱ्यांचे पाय जमीन सोडत नाहीत, घासत सरकतात. सगळं काम कमरेचं. रंगात आलं की कोणीतरी ओरडतं ‘आंबा! आंबा!’. हा आपला हापूस नव्हे, त्याचा अर्थ ‘खाली, खाली’. मग दोघं गुडघ्यांवर झुकत झुकत पार जमिनीपर्यंत जातात, एकमेकांना शिवत मात्र नाहीत. शब्द क्रिओल भाषेतले, म्हणजे फ्रेंचपासून गुलामांच्या तोंडी घडलेल्या बोलीतले, जागच्या जागी रचलेले, आणि बरेचदा दुहेरी अर्थाचे. म्हणजे आपल्या लावणीचं जे झालं तेच सेगाचं झालं. चर्चने नाक मुरडलं, बड्या घरांनी दारं लावून घेतली, आणि ऐकायचं त्यांनी चोरून ऐकलं.

आता माणसं घेऊ. पहिला ती फ्रेर. खरं नाव जाँ आल्फोन्स रावातों, जन्म 1900, मृत्यू 1992. ती फ्रेर म्हणजे धाकटा भाऊ. आपण ‘भाऊ’ म्हणतो तसं अख्खं बेट त्याला धाकटा भाऊ म्हणत होतं. आवाज गोड वगैरे नाही. खरखरीत, किंचित दमलेला, ओळीच्या शेवटी विझत जाणारा. त्याचं ‘अनिता’ ऐकाल तर पहिल्या वेळेला वाटेल, हा गातोय की कोणाशी भांडतोय? 1964 च्या ऑक्टोबरात ल मोर्न डोंगराच्या पायथ्याशी सेगाची मोठी रात्र झाली आणि तिथे त्याला सेगाचा राजा केलं. जागा बघा. ल मोर्न म्हणजे तोच डोंगर, जिथे पळालेले गुलाम लपून राहायचे. तेव्हा स्वातंत्र्य चार वर्षांवर आलं होतं. 12 मार्च 1968 ला देश स्वतंत्र झाला. नव्या देशाला झेंडा हवा, राष्ट्रगीत हवं, तसं एक गाणंही हवं होतं. कालपर्यंत ज्याला नाकं मुरडली तेच हाताशी होतं.

मधल्या काळात सेर्ज लब्रास येतो. 1959 चं त्याचं ‘मादाम युजेन’ घराघरात वाजलं. त्याने सेगा समुद्रकाठच्या जाळाजवळून उचलून दिवाणखान्यात आणला, गिटार आणि अ‍ॅकॉर्डियनच्या साथीने. शुद्धतावादी मंडळी नाराज झाली असतील, होतातच. मला स्वतःला तो जरा जास्तच इस्त्री केलेला वाटतो. पण त्याच्याशिवाय सेगा रेडिओवर इतका रुळला असता, असं मला वाटत नाही.

मग क्लॉडिओ वीरारागू. आडनाव ऐका. वीरराघव! सरळ तमिळ. आणि हा गातो कोणतं गाणं? आफ्रिकी गुलामांचं. त्याचं ‘आंबालाबा’ 1988 मध्ये मॅक्सिम ल फोरेस्तिए या फ्रेंच गायकाने गायलं आणि फ्रान्सभर गाजलं. फ्रान्समधल्या किती जणांना ते बेटावरच्या तमिळ नावाच्या माणसाचं गाणं आहे हे ठाऊक असेल, मला शंकाच आहे. पण माझा मुद्दा वेगळा आहे. कुंपण ओलांडणं तिथे असं झालं. सभा घेऊन नाही, ठराव करून नाही. एका तमिळ वंशाच्या पोराला ठेका आवडला, एवढंच.

सत्तरच्या दशकात कुंपणं आणखी मोडली, पण रागाने. 1971 मध्ये आणीबाणी आली, निवडणुका 1976 पर्यंत लांबल्या, मे 1975 मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्या तापलेल्या वर्षांतून ‘सांते आंगाझे’ निघालं, म्हणजे बांधिलकीचं गाणं. सोले रूझ, पुढे ग्रुप लातानिए. लातानिएमधले राम आणि नितीश जोगना भारतीय वंशाचे, आणि गात होते क्रिओलमध्ये, कामगारांसाठी. मेनवार हा रावानेचा मोठा वादक, तोही याच पिढीचा. आपल्याकडे शाहिरांनी डफ हातात घेतला तसंच काहीसं, फक्त तिकडे बोर्डावर जात लिहिलेली नव्हती. लिहिलेली नव्हती म्हणजे नव्हती असं नाही बरं.

आता कायाकडे येतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ, जन्म 10 ऑगस्ट 1960, राजधानी पोर्ट लुईच्या रोश ब्वा वस्तीतला. गोदीला लागून असलेली गरीब क्रिओल वस्ती, क्रिओल म्हणजे मुख्यतः गुलामांचे वंशज. काया हे नाव त्याने जमैकाचा रेगे गायक बॉब मार्ली याच्या 1978 च्या अल्बमवरून घेतलं. आपल्याला काया म्हटलं की अभंग आठवतो. जमैकाच्या बोलीत त्याचा अर्थ गांजा. त्याच्या बँडचं नाव रासीनतातान. आणि त्याने जन्माला घातलं ते सेगे. सेगा अधिक रेगे. ऐकायला सोपं वाटतं, नाही? जोडशब्द केला की झालं! पण हातात वाद्य घेऊन करून बघा. रेगे चालतं चाराच्या ठेक्यात, आणि गिटारचा तो ‘चक्’ ठोक्यावर पडत नाही, दोन ठोक्यांच्या मधे पडतो. सेगा सहाचा. दोन्ही एकाच वेळी वाजवले तर भांडण. कायाची मंडळी काय करतात? सेगाची दोन आवर्तनं म्हणजे चार मोठे ठोके, प्रत्येक ठोक्याचे तीन कण. या चार ठोक्यांवर रेगेचा बेस उभा करायचा आणि खालून रावानेचे तीन-तीन कण वाहू द्यायचे. तुमच्यापैकी ज्यांनी भजनाला पखवाज धरलाय त्यांना कळेल. टेबलावर दोन्ही हात वेगवेगळे चालवून बघा घरी. दहा मिनिटांत बायको विचारेल, काय चाललंय.

आणि हे मिश्रण म्हणजे नुसती करामत नव्हती. 1993 मध्ये फादर रोजे सर्व्हो यांनी ‘क्रिओल अस्वास्थ्य’ असा शब्द वापरला होता. देश वर चालला होता, कापड गिरण्या, पर्यटन, साखर, सगळं छान, आणि गुलामांचे वंशज मागेच राहिले होते. सेगा हॉटेलांत पोचला होता. फुलाफुलांचे घागरे, जेवणानंतरचा कार्यक्रम, साहेब लोक टाळ्या वाजवतायत. काया रोश ब्वाला परत गेला आणि तिथून गायला. ‘सिमे लालिमिए’, म्हणजे उजेडाची वाट. त्याच काळात कासिया नावाचा वाद्यवृंद देझिरे फ्रांस्वाच्या आवाजात ‘रेव नू झांसेत’, आमच्या पूर्वजांचं स्वप्न, गात होता. एकाच दशकात ही दोन गाणी.

16 फेब्रुवारी 1999 ला रोझ हिल गावात गांजा ओढणं गुन्हा मानू नये या मागणीसाठी मैफल झाली. काया तिथे गायला. त्यानंतर त्याला गांजा ओढल्याबद्दल अटक झाली. पोर्ट लुईच्या लाइन बॅरॅक्समध्ये, म्हणजे पोलिसांच्या मुख्यालयात, एक कोठडी आहे, तिला लोक ‘अल्काट्राझ’ म्हणतात. 21 तारखेच्या रविवारी सकाळी तो तिथे मेलेला सापडला. डोक्याला जखमा होत्या. वय 38. त्या कशा झाल्या यावर आजही एकमत नाही.

पुढच्यासारखे दिवस त्या शांत बेटाने बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते. रोश ब्वा पेटलं. जाळपोळ, लूट, आणि मग ती जुनी भेग उघडी पडली, क्रिओल आणि हिंदू. बर्जे आगात हा दुसरा सेगे गायक लोकांना शांत करायला पुढे गेला होता असं त्याच्या वस्तीतले लोक सांगतात. पोलिसांच्या गोळीबारात तोही गेला. राष्ट्रपती कासाम उतीम यांनी शांततेची विनवणी केली. दोन गायक, एका आठवड्यात. आपण इथे बसून ‘संगीत जोडतं’ वगैरे सहज म्हणतो. मी म्हणत नाही.

पाणी पितो जरा.

कायानंतर सेगे संपलं नाही, उलट पसरलं. रास नॅटी बेबी हा शेजारच्या रॉड्रिग्स बेटाचा. ओतांतीक स्ट्रीट ब्रदर्स, लिन्झी बाकबोत, ब्लाक्कायो. आलां रामानिसुमचं ‘ली तूर्ने’ तर आता लग्नांत वाजतं, कोणत्याही धर्माच्या. आणि भोजपुरी बॉइज! त्यांचं ‘लंगारू’ ऐकाल तर उडालच. भोजपुरी शब्द, मधे क्रिओल, खाली सेगाचा झोका. बिहारमधल्या माणसाला शब्द अर्धे कळतील आणि ठेका अजिबात नाही. हे पोरांनी कोणाला विचारून केलं नाही, हे महत्त्वाचं.

हिंदी महासागरातल्याच छागोस बेटांचं एक सांगायलाच हवं. 1968 ते 1973 च्या दरम्यान तिथल्या लोकांना काढून मॉरिशस आणि सेशेल्सला आणून टाकलं, अमेरिकेच्या लष्करी तळासाठी. शार्लेझिया अलेक्सी ही बाई मोर्चात पुढे असायची आणि गायचीही. गेलेल्या बेटाचा सेगा. 2014 मध्ये युनेस्कोने मॉरिशसचा पारंपरिक सेगा वारसा यादीत घेतला. छागोसचा 2019 मध्ये घेतला, पण तातडीने वाचवायला हवा अशा यादीत. एकाच बंदरातली दोन गाणी, एकाला हॉटेल मिळालं आणि दुसऱ्याला घरच राहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या लोकांचं काय? बरोबर. मी कासकावेलला गेलो होतो, मराठी वस्तीचं गाव. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, माहीत आहे ना? तिथे संध्याकाळी मांडवात पुरुष गोल करून नाचू लागले, मधे ढोलकी. मी म्हणालो, ‘अरे वा, जाखडी!’ एक आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘झाकरी.’ मी पुन्हा म्हणालो, ‘हो, जाखडी.’ ते म्हणाले, ‘नाय, झाकरी.’ जरा रागानेच. मग मी गप्प बसलो. त्यांची बरोबर, माझीही बरोबर. इथून गेलेल्या माणसांनी जे पायांत नेलं ते पाच पिढ्या पायांत राहिलं, जिभेवर फक्त एक अक्षर झिजलं.

पण मला एक खटकलं, ते इथे सांगतो, तिथे सांगायचं धाडस झालं नाही. भोजपुरीने कुंपण ओलांडलं, तमिळ आडनावाने ओलांडलं, झाकरी मात्र मांडवातच राहिली. गणपतीला बाहेर काढायची आणि विसर्जनानंतर ठेवून द्यायची. जपलीय छान, अगदी घडी घालून. पण कोणा मराठी पोराने झाकरीच्या मधे रावान घातलीय का? मी विचारलं तेव्हा त्या आजोबांचा नातू हसला. मांडवामागे त्याच्या मोबाइलवर ‘ली तूर्ने’ चालू होतं, आणि अंगठा मांडीवर सहाच्या ठेक्यात पडत होता. आजोबांचा पाय समोर झाकरीत पडत होता. वेगवेगळे ठेके, बारा पावलांचं अंतर. मी मधे उभा.

नातवाने मला नंतर ही रावान दिली. मी हातात घेऊन लगेच वाजवायला गेलो, तर त्याने काढूनच घेतली. मला म्हणाला, ‘फ्रेत.’ थंड आहे. आता कृत्रिम कातड्याच्याही रावाना मिळतात, त्यांना शेकावं लागत नाही, हॉटेलांत त्याच चालतात. ही तशी नाही.

बाहेर आपल्या चहावाल्या काकांची शेगडी पेटलेली आहे, मी मघाशीच विचारून ठेवलंय. ते म्हणाले, दूध उतू गेलं तर तुम्ही जबाबदार. चालेल. आणि गावात जाखडीची मंडळी आहेत, त्यातले दोघं समोरच्या रांगेत बसलेत, चाळ पिशवीत आहेत असं मला कळलंय. चला, छत्र्या घ्या.