निखारा दिला की ज्वाळा?

मंडळी, यहुदी धर्मशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता असा विषय जाहीर झाला की श्रोते गोलेमची, म्हणजे मंत्रानं मातीतून घडवलेल्या माणसाची, वाट बघत बसतात. म्हणून त्याला आधीच उरकून घेतो. तालमूद म्हणजे यहुदी धर्मकायद्यावरच्या चर्चांचा जुना ग्रंथ. त्याच्या सन्हेद्रिन भागात राबा नावाचे पंडित एक माणूस घडवतात आणि रब्बी झेरांकडे धाडतात. झेरा त्याच्याशी बोलतात, तो उत्तर देत नाही. ‘तू आमच्याच मंडळींपैकी कुणाची तरी करणी दिसतोस, जा मातीत परत,’ म्हणून ते मोकळे. १९६५ मध्ये रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत संगणक बसला, त्याचं नावच ‘गोलेम आलेफ’ ठेवलं. उद्घाटनाचं भाषण केलं यहुदी गूढवादाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम यांनी.

मला जास्त मौज वाटते ती १७१२ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या एका धर्मनिर्णयाची. त्या काळचे रब्बी हाखाम त्स्वी अश्केनाझी विचारतात: सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुषांचा मिन्यान लागतो, नऊ जमले आणि दहावा असा घडवलेला असेल, तर चालेल का? (अलिबागच्या इस्रायल आळीत हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेणार नाही. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या यहुदी, कुटुंबं इस्रायलला गेली आणि कोकणातल्या सिनेगॉगांत दहा माणसं जमवणं कठीण होऊन बसलं.) आधी ते त्याच्या बाजूनं मुद्दा मांडून बघतात: अनाथ पोर वाढवणाऱ्याचंच मानतात, मग सज्जनाच्या हातून घडलेला हा का नको? आणि मग थेट व्यवहारावर येतात. दहावा म्हणून त्याचा उपयोग असता, तर झेरांनी त्याला मातीत घातला असता का? संपला विषय.

यंत्राला माणूस म्हणायचं का, यावर इतकं पुरे. या परंपरेचा खरा जीव नुकसानभरपाईत आहे. मिश्नातला, म्हणजे तालमूदच्या मूळ नियमसंहितेतला, एक नियम घ्या. कुणी मूकबधिर, वेडा किंवा अजाण पोराच्या हाती आग देऊन पाठवली आणि शेजाऱ्याचं शेत जळलं, तर पाठवणारा माणसांच्या न्यायालयात सुटतो, देवाच्या न्यायालयात नाही. मूकबधिरांना या यादीत घालणं आज कुणालाच पटणार नाही. ज्याला बोलता-ऐकता येत नाही त्याला समज नाही, असं तेव्हा धरत. नियमाचा रोख समज नसलेल्या मध्यस्थावर आहे.

पुढे गमारात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेत, पंडितांची जुंपते. रेश लाकिश म्हणतात, ही सूट निखारा दिला तरच. निखाऱ्यावर फुंकर मारावी लागते, नाहीतर तो आपसूक विझतो. पेटती ज्वाळाच हातात दिली असेल तर भरपाई द्या, कारण नुकसान ठरलेलंच होतं. रब्बी योहानान जास्त सैल: काट्याकुट्या, सरपण आणि दिवा असं सगळं जुळवून दिलं, तरच दोष.

आता हे कंपन्यांना लावून बघा. प्रणाली ‘स्वतः शिकली’, आम्ही काय करणार, हा बचाव निखाऱ्याचा आहे. पण माहिती तुम्ही पुरवली, उद्दिष्ट तुम्ही ठरवलं, ती कुठे वापरायची हेही तुम्हीच सांगितलं, तर तुम्ही योहानानच्या सैल मापातही अडकता. ‘वरचा बघून घेईल’ एवढ्यावर सुटण्याइतकं इथे काही उरत नाही.

अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये कॉम्पास या, आरोपी पुन्हा गुन्हा करेल का याचा अंदाज देणाऱ्या, संगणकीय गुणांकनाला शिक्षा ठरवताना विचारात घ्यायला परवानगी दिली. इशारे जोडले, शिक्षा केवळ त्यावर ठरवायची नाही असंही सांगितलं. गणित मात्र कंपनीचं व्यापारी गुपित राहिलं. आरोपीला ते बघायला मिळालं नाही.

देहदंडाच्या खटल्यात कुणाला न्यायाधीश बसवू नये, हे तालमूद सांगतो: अतिवृद्ध, नपुंसक, मूलबाळ नसलेला, रब्बी यहूदा यात क्रूर माणसाची भर घालतात. मध्ययुगातले यहुदी पंडित मैमोनिदीस कारण देतात की न्यायाधीशाला दया हवी. निपुत्रिकाला निर्दय समजणं मला अन्यायाचं वाटतं, पण चिंता खोटी नाही. त्याहून विलक्षण दुसरा नियम: सगळ्याच न्यायाधीशांनी एकमुखानं दोषी म्हटलं, तर आरोपी सुटतो. का, तर दोषी ठरवण्याआधी एक रात्र थांबायचं असतं, सुटकेचा मुद्दा शोधायला, आणि इथे तो शोधणारा कुणी उरलेलाच नसतो.

कॉम्पासला रात्रभर थांबवून काही मिळत नाही. माहिती तीच असेल तर सकाळी तोच आकडा येतो. तो आकडा न्यायाधीशापुढे कागद म्हणून यायला माझी हरकत नाही. मात्र बनवणाऱ्यानं निखारा दिला की ज्वाळा, हे ठरवायला गणित उघडं हवं, आणि विस्कॉन्सिनच्या न्यायालयानं ते मागायला हवं होतं.