मामांच्या टोपीचा गोंडा

डिसेंबरातला रंकाळा, सकाळचे सहा वाजलेत, पाण्यावर धुकं बसलंय आणि फिरायला आलेल्यांची डोकी मफलर, कानटोपी, टॉवेल, जे घावलं त्यात गुंडाळलेली. त्यातली एक टोपी माझ्या आत्यानं विणलीय, मामांसाठी. तिची सुरुवात झाली शिवाजी पेठेतल्या घरात, टेपनं डोकं मोजून.

डोकं भरलं 22 इंच. पण टोपी 22 ची विणायची नसते बरं का, दोन-तीन इंच कमीच धरायची, कारण विणलेलं ताणतं आणि मापात केली तर चार दिवसांत डोळ्यांवर येते. आत्या आधी छोटा तुकडा विणून बघते, तिच्या हाताला इंचात 5 टाके बसतात, म्हणजे 20 इंचाला 100 झाले की, पण ती घालते 96. का? तर खालची पट्टी दोन सुलट दोन उलट, तिथं चारनं भाग जायला पाहिजे, आणि वर टोपी मिटवताना आठ भाग पडतात, 12-12 टाक्यांचे. 100 ला आठनं भाग जात नाही. विषय हार्ड!

पट्टीत उलट टाके मागं दबतात, सुलट पुढं येतात, म्हणून ती आकसते आणि कानाला धरून बसते. पुढं गोल सुईवर नुसते सुलट, हे सिरियल बघत बघत होतं. सहा इंच झाले की एक फेरी आड प्रत्येक भागात दोन टाके एकत्र, शेवटी आठच उरतात, त्यातनं धागा ओवून ओढला की झालं. (आपण लोकर म्हणतो, पण हे अ‍ॅक्रिलिक. धनगरांच्या मेंढ्यांची खरी लोकर घोंगड्याला भारी, डोक्याला टोचते.)

आणि ओढलं तिथं चुण्या पडतात, मधे बारीक भोक राहतं. त्यावर गोंडा. चार बोटांवर शंभरेक वेढे, मधोमध आवळून गाठ, दोन्हीकडची टोकं कापायची आणि मग कात्रीनं गोल छाटत बसायचं. गाठ सैल राहिली की केस गळल्यासारखी लोकर गळते.

मामा भडकले, "मी काय बेंदराचा बैल हाय व्हय, गोंडा बांधून फिराया?"

"मग भोकातनं वारं जाऊ दे," आत्या म्हणाली.

धुताना काढता यावा म्हणून तिनं गोंडा शिवला नाही, आतनं नुसता बांधला, आणि तिथंच फसली. मामा घरातनं गोंड्यासकट निघतात, रंकाळ्यावर पोचेपर्यंत तो खिशात गेलेला असतो. आज आम्ही शूटिंग करतोय म्हटल्यावर गडबडीनं काढून बांधलाय, तोपण वाकडा.