मोकळीक दिली म्हणून विश्वास पातळ होत नाही

जय ख्रिस्त मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की त्यावर वेगळं बोलावंच लागतंय. "ताई, दुसऱ्या धर्माला, दुसऱ्या पंथाला मोकळीक द्या म्हणता, मग येशू हाच मार्ग हे सोडून द्यायचं का?"

नाही. आज मी एवढंच सांगणार आहे.

सनावळी पटकन उरकते. 313 साली मिलानमध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या रोमन सम्राटांनी ठरवलं की ख्रिस्ती लोकांसकट सगळ्यांना आपापला धर्म पाळू द्यायचा. 380 मध्ये सम्राट थिओडोसियसनं ख्रिस्ती विश्वास साम्राज्याचा अधिकृत धर्म केला. आणि 385 च्या सुमारास ट्रियर शहरात पाखंडी ठरवलेल्या प्रिसिलियन नावाच्या बिशपचा शिरच्छेद झाला. हुकूम मॅक्सिमस या ख्रिस्ती सम्राटाचा, मागे लागलेले बिशपही ख्रिस्तीच. तूरचा बिशप मार्टिन विनवत होता की रक्त सांडू नका, पण कुणी ऐकलं नाही. शंभर वर्षंसुद्धा झाली नव्हती हो, आपलीच माणसं तुरुंगात सडत होती त्याला!

आता मुद्द्यावर येते. बऱ्याच जणांना वाटतं, मोकळीक मागणारी माणसं विश्वासात ढिली असणार. मग तर्तुलियन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाचं काय? आफ्रिकेचा रोमन अधिकारी स्कापुला, त्याला साधारण 212 साली हा माणूस लिहितो की धर्माची सक्ती करणं हे धर्माचं कामच नव्हे. तर्तुलियन ढिला? त्याच्याइतका कडक लेखक त्या काळात शोधून सापडायचा नाही.

पुढे बिशप ऑगस्टिनचं मात्र उलटं झालं. सुरुवातीला तोही म्हणायचा, कुणावर जबरदस्ती नको. पण दोनातवादी, म्हणजे आफ्रिकेतल्या मंडळीतून (चर्चमधून) फुटलेला गट, सरकारी कायद्याच्या धाकानं परत मंडळीत यायला लागले, तसं त्याचं मत फिरलं, आणि तसं त्यानं पत्रात लिहूनही ठेवलंय. परिणाम दिसला म्हणून मार्ग बरोबर ठरला. मला ऑगस्टिन फार प्रिय आहे, म्हणूनच हे जास्त लागतं. पुढची हजारेक वर्षं सक्ती करणाऱ्यांनी त्याचाच दाखला दिला.

आता कास्तेलियो. 27 ऑक्टोबर 1553 ला जिनिव्हात सर्वेतस नावाच्या स्पॅनिश विद्वानाला जिवंत जाळलं, कारण तो त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) नाकारायचा. तिथला धर्मसुधारक कॅल्विन, त्यानं त्या शिक्षेचं समर्थन केलं. फक्त जाळण्याऐवजी तलवारीनं मारा, एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्यावर बाझेलमध्ये हलाखीत राहणाऱ्या कास्तेलियो या विद्वानानं लिहिलं: माणसाला मारणं म्हणजे तत्त्वाचं रक्षण करणं नव्हे, ते माणसाला मारणंच आहे. आणि हा कास्तेलियो सर्वेतसच्या बाजूचा नव्हता! त्याची शिकवण मी उचलून धरत नाही, असं त्यानं स्पष्ट सांगितलंय. त्यानं अख्खं बायबल लॅटिनमध्ये आणि फ्रेंचमध्ये आणलं. असा माणूस विश्वासात कच्चा कसा म्हणायचा?

अजून पटलं नसेल तर रॉजर विल्यम्स घ्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधून प्युरिटनांनी (कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंटांनी) त्याला हाकललं, मग 1636 मध्ये त्यानं प्रॉव्हिडन्स वसवलं. क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाची शिकवण त्याला अजिबात पटत नव्हती. 1672 मध्ये, सत्तरीच्या आसपास, दिवसभर स्वतः होडी वल्हवत तो न्यूपोर्टला गेला आणि त्यांच्याशी दिवसचे दिवस वाद घातला. त्याच क्वेकरांना बॉस्टनमध्ये फाशी दिली जात होती, 1660 मध्ये त्यांच्यातली मेरी डायर तशीच गेली. विल्यम्सच्या वसाहतीत मात्र ते सुखरूप राहिले. "तुझं चुकतंय" हे तोंडावर सांगायचं आणि त्याच्या दाराला हात लावायचा नाही, असा हा माणूस.

"आमच्या हातात कुठं सत्ता आहे?" असंही एकानं लिहिलंय. भाऊ, कोल्हापुरात आपण थोडे आहोत, मान्य. 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर मिशनचं काम घेऊन इथं आले, ते दुसऱ्यांच्या राज्यात. शाहू महाराजांनी जातीजातींच्या, धर्माधर्मांच्या मुलांच्या बोर्डिंगांना हात दिला, त्यात ख्रिस्ती मुलंही होती. आपण दुसऱ्यांच्या मोकळिकीवर वाढलेली माणसं आहोत. पण दफनभूमीची चावी कुणाकडे असते? आपल्या मंडळीच्या पंचांकडेच ना?

माझ्या ओळखीतल्या एक आजी शेवटची काही वर्षं दुसऱ्या फेलोशिपला, म्हणजे वेगळ्या ख्रिस्ती गटाच्या प्रार्थनेला, जायच्या. त्या वारल्या तेव्हा दफनाला जागा द्यायची का यावर पंचांची बैठक बसली, "सभासद नव्हत्या" म्हणून. दुपारपर्यंत पेटी पडवीतच. मुलगा मोबाईल हातात धरून दारात उभा. शेजारच्या हिंदू काकू दोनदा चहाची किटली घेऊन आल्या, आणि आपली माणसं वर्गणीच्या पावत्या तपासत होती. मला अजून राग येतो.

अशा वेळी कमेंटमध्ये "खोटे शिक्षक, यांना मंडळीतून हाकला" लिहिणाऱ्यांनी मत्तय 13 मधला निदणाचा दाखला वाचा. नोकर म्हणतात, आत्ता उपटून टाकतो. धनी म्हणतो, कापणीपर्यंत राहू द्या.

एका ताईंनी विचारलंय, मग पाळकांनी चुकीच्या शिकवणीबद्दल गप्प बसायचं का? नाही हो. उपदेशात बोलावं, अभ्यासवर्गात बोलावं, त्या फेलोशिपच्या पाळकांना घरी बोलावून वचन उघडून दोन तास भांडावं. पण लग्नाचा दाखला, मुलांची शाळेची शिफारस आणि मातीची जागा यांना हात लावू नये.

पुढच्या वार्षिक सभेला जाल तेव्हा तुमच्या मंडळीची नियमावली मागून घ्या आणि दफनभूमीचा नियम काढून बघा. त्यात काय लिहिलंय ते मला खाली कळवा.