पंचगंगेच्या पायऱ्या आणि नजरेची रेघ

(दृश्य: पंचगंगा घाट, सकाळ. मांडीवर ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसलेली मुलं.)

घाटावर चित्र काढणारे बसले की त्यात नवा कोण, हे लगेच कळतं. नव्याची नजर सारखी कागदावर असते. मुरलेल्याची घाटावर.

कोल्हापूरला या कामाची जुनी सवय आहे. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून इथं परतले आणि रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ यांचीच चित्रं काढत राहिले. बाबूराव पेंटरांनी तर कलाशाळेची पायरीही चढली नव्हती. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांचा हात तयार झाला.

(दृश्य: पायऱ्या, जवळून.)

आपण या पायऱ्यांपासूनच सुरुवात करू. नवशिका खालपासून वरपर्यंत सगळ्या पायऱ्या एकसारख्या काढतो. पायरी कशी असते, हे त्याला ठाऊक असतं ना! ठाऊक असलेलं कागदावर उतरतं आणि समोर दिसणारं राहून जातं.

आता पाण्याजवळच्या पायरीवर घाटाकडे तोंड करून बसा. समोरच्या खालच्या पायरीचा माथा, म्हणजे पाय ठेवायची जागा, चांगली रुंद दिसते. वरच्या पायरीचा कमी, त्याच्या वरचा अगदी सुतासारखा. डोळ्यांच्या उंचीवरच्या पायरीचा माथा दिसतच नाही, नुसती रेघ. तिथून वर फक्त उभ्या बाजू. मग उठून उभे राहा. ती रेघही तुमच्याबरोबर वर येते. हीच दृष्टिरेषा. पुस्तकात यथार्थदर्शनाचं, म्हणजे जवळचं-लांबचं जसं दिसतं तसं काढण्याचं, प्रकरण वाचून डोकं धरणाऱ्यानं आधी ही उठबस करावी.

(दृश्य: स्टुलावर तांब्याचा तांब्या.)

घरी हेच तांब्यावर बघा. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या वस्तुचित्रात तो बऱ्याच जणांना भेटलेला असतो. तोंडाचा गोल तिरका पाहिला की लंबवर्तुळ दिसतो. त्याची दोन्ही टोकं वळलेली असतात. मुलं मात्र ती पानासारखी टोकदार काढतात. बूड तर सरळ रेघ मारून मोकळी होतात. खरं म्हणजे बूड नजरेच्या जास्त खाली असतं, म्हणून त्याची कड तोंडापेक्षा जास्त गोलाईनं वळते.

मापासाठी पेन्सिल हातात धरा, कोपर ताठ, एक डोळा मिटलेला. कोपर वाकलं की माप बदललं. इथं सेंटिमीटर नको. पेन्सिलीवर अंगठ्यानं धरलेली रुंदी उंचीत किती वेळा बसते, एवढंच हवं.

पेन्सिली दोन पुरेत, एचबी आणि 4बी. मोठा डबा दुकानातच राहू द्या. खोडरबरही जरा लांब ठेवा. चुकलेली रेघ लगेच पुसली की पुढची बऱ्याचदा तिथंच पडते. ती राहू द्या आणि तिच्या शेजारी बरोबर रेघ काढा.

(दृश्य: खिडकीजवळ मातीचं मडकं.)

शेडिंगची घाई सगळ्यांनाच असते, पण आकार चुकला असेल तर छटा त्याला वाचवत नाहीत. आणि शेडिंगला तांब्या नकोच, त्याची चकाकी फसवते. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतलं साधं मडकं आणा, एकाच खिडकीच्या उजेडात ठेवा आणि डोळे किलकिले करा. बारीकसारीक तपशील जातात. उजळ, मधली आणि गडद अशा तीन छटा उरतात. गडद बाजूच्या कडेला एक फिकट पट्टा दिसेल. तो खालच्या फळीवरून परतलेला उजेड. तिथं कागद पांढरा सोडायचा नाही. तो पट्टा सावलीतलाच आहे, मधल्या छटेपेक्षा गडदच ठेवा.