खायला उठलेलं घर

(पडद्यावर : गळणारं पान, रस्ता, तीनचाकी सायकल)

झाडावरून एक पान सुटतं. गिरक्या घेत, तरंगत खाली येतं आणि कॅमेरा त्याच्या मागोमाग. रस्त्याच्या कडेने एक चिमुरडी तीनचाकी सायकल दामटत येतेय, स्वतःशीच गुणगुणत. एका घरासमोर सायकल गवतात रुतते. एवढंच होतं. पण त्या घराचं दार धाडकन उघडतं, एक काटकुळा म्हातारा किंचाळत बाहेर येतो, मुलीला हाकलतो आणि सायकल मोडून ठेवून घेतो.

ॲनिमेशनपट 'मॉन्स्टर हाउस'. साल २००६. दिग्दर्शक गिल केनन, त्यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा. कार्यकारी निर्माते रॉबर्ट झेमेकिस आणि स्टीव्हन स्पीलबर्ग. अमेरिकेत त्याला पीजी प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे मुलांना दाखवायला बंदी नाही, आईवडिलांनी आधी अंदाज घ्यावा इतकंच. अशा सिनेमांबद्दल मोठ्यांचं मत ठरलेलं असतं. मुलांचा आहे ना, मग त्यात कसली आलीय भीती! आम्हाला हे साफ अमान्य आहे. हा भयपट आहे, आणि बराच काळ तो अस्सल भयपट आहे. कुठे तो घसरतो, तेही आपण बघणार आहोत.

(पडद्यावर : हिरवळीची कड, घरंगळणारा बास्केटबॉल)

या गवताकडे नीट बघा. सिनेमातली सगळी भीती या कडेवर उभी आहे. फुटपाथवर तुम्ही सुरक्षित, एक पाऊल आत टाकलंत की घराच्या ताब्यात. कुंपण, कुलूप, पाटी, कशाची गरज नाही. समोरच्या घरात राहणारा डी.जे. दुर्बिणीतून रोज हे घर न्याहाळतो. एके दिवशी त्याच्या मित्राचा, चाउडरचा, चेंडू त्या गवतावर जातो. डी.जे. धावतो. म्हातारा नेबरक्रॅकर त्याला धरतो, गदागदा हलवतो, ओरडतो आणि ओरडता ओरडता त्याचा चेहराच बदलतो. तो त्या मुलाच्या अंगावर कोसळतो.

रक्ताचा थेंब नाही. पण बारा वर्षांच्या आसपासच्या त्या पोराला आता वाटतंय, आपल्यामुळे एक माणूस मेला. हे सांगायचं कोणाला? आईवडील गावाला गेलेत. सांभाळायला आलेली मुलगी काही ऐकून घेत नाही. पोलीस हसतात. आणि रात्री फोन वाजतो. पलीकडे कोणी बोलत नाही. फोन समोरच्या रिकाम्या घरातून आलाय.

मोठ्यांच्या भयपटात यापेक्षा वेगळं काय असतं? अपराधीपणा आणि एकटेपणा, बस्स. प्रमाणपत्रवाले रक्त मोजतात, शिव्या मोजतात. या दोन गोष्टी त्यांना मोजता येत नाहीत, म्हणून त्या जशाच्या तशा मुलांपर्यंत पोचतात.

(पडद्यावर : कॅप्चर स्टुडिओ, अंगाला ठिपके लावलेले कलाकार. हा स्टुडिओ त्या सिनेमाचा नाही, पद्धत तीच)

आता ही भीती घडवली कशी, ते बघू. हा हॉल रिकामा दिसतो. भिंत नाही, जिना नाही, दरवाजा म्हणून नुसती एक चौकट. कलाकारांच्या अंगावर घट्ट कपडे आणि त्यावर प्रकाश परतवणारे छोटे गोळे. चेहऱ्यावर तर भुवई, गाल, ओठांच्या कडा अशा प्रत्येक जागी बारीक ठिपके. चारही बाजूंनी कॅमेरे लावलेले असतात, पण ते माणसाचं चित्र घेत नाहीत, हे ठिपके अवकाशात कुठे आहेत तेवढंच टिपतात. त्या हलणाऱ्या ठिपक्यांवर मग संगणकात पात्र चढवलं जातं.

याच पद्धतीने झेमेकिस यांनी २००४ मध्ये 'द पोलर एक्सप्रेस' केला होता. त्यात टॉम हँक्स यांनी मोठ्यांच्या भूमिकांबरोबर लहान मुलाच्या हालचालीही केल्या, आणि पात्रं इतकी माणसासारखी दिसायला गेली की त्यांच्या निर्जीव डोळ्यांवरच टीका झाली. 'मॉन्स्टर हाउस'ने दोन्ही बाबतींत वाट बदलली. इथले चेहरे बाहुल्यांसारखे आहेत, डोकी मोठी, केस मातीच्या गोळ्यातून कोरल्यासारखे एकसंध. आणि मुलांची कामं मुलांनीच केली : मिचेल मुसो, सॅम लर्नर, स्पेन्सर लॉक. म्हणून चाउडर घाबरला की त्याचे खांदे कानापर्यंत जातात, पाय पुढे असतात आणि कंबर मागे. मोठा नट हे करायला गेला असता तर ती नक्कल झाली असती.

(पडद्यावर : संगणकावर घराचा सांगाडा, मग रंग, मग उजेड)

घराचं काम त्याहून अवघड. घर हलायला हवं, पण रबरासारखं वाकता कामा नये, नाहीतर सगळा दबदबा गेला. म्हणून ते तडकतं. व्हरांड्याच्या फळ्या मधोमध चिरतात आणि त्यांची धारदार टोकं दात होतात. वरच्या खिडक्या डोळे. आतून लांबलचक गालिचा सळसळत येतो, ती जीभ. अंगणातली वाळकी झाडं म्हणजे हात. घर पहिल्यांदा जागं होतं तेव्हा फळ्यांचा आवाज ऐका. तो लाकडाचा आहे. घरात रात्री जे आवाज आपण सगळ्यांनीच ऐकलेले असतात, तेच वाढवलेले.

आणि उजेड. सोनी पिक्चर्स इमेजवर्क्सने या सिनेमासाठी अर्नोल्ड नावाची प्रणाली वापरली. तोवर ॲनिमेशनमध्ये बहुतेक ठिकाणी उजेड हाताने रचायचे, भिंतीवरून परतलेल्या प्रकाशाचा भास करायला वेगळे खोटे दिवे ठेवायचे. अर्नोल्ड प्रकाशकिरणांचा माग काढते. ते भिंतीवर आपटले, तिथून जमिनीवर, तिथून चेहऱ्यावर, असा सगळा हिशेब ती मांडते. संपूर्ण सिनेमा असा करणं तेव्हा नवीन होतं. त्याचा फायदा हा बघा. मुलं घरात शिरतात, हातात टॉर्च. टॉर्चचा झोत समोर पडतो आणि बाजूच्या कोपऱ्यात अंधार हळूहळू दाट होत जातो. खोली खरी वाटते, म्हणून त्या कोपऱ्यात काहीतरी असेल हेही खरं वाटतं.

(पडद्यावर : तळघर, खेळण्यांचा ढीग, लोखंडी दार)

तळघरात वर्षानुवर्षं जप्त केलेली खेळणी पडलीत. त्यापलीकडे एक दार. आत सिमेंटमध्ये गाडलेली एक बाई.

ती कॉन्स्टन्स. सर्कशीत पिंजऱ्यात बसवून लोकांना दाखवली जाणारी, अवाढव्य शरीराची, कॅथलीन टर्नर यांच्या आवाजातली. नेबरक्रॅकर तिच्या प्रेमात पडला, तिला तिथून पळवून घेऊन आला, तिच्यासाठी घर बांधायला घेतलं. हॅलोविनला आलेल्या मुलांनी तिला छळलं. ती चवताळली, तोल जाऊन पायाच्या खड्ड्यात पडली आणि वरून सिमेंट ओतलं गेलं. नवऱ्याने घर पूर्ण केलं. मग त्याच्या लक्षात आलं की ती घरातच आहे आणि मुलांवरचा तिचा राग गेलेला नाही. इतकी वर्षं तो गवतावर आलेल्या प्रत्येक मुलाला हाकलत होता, त्यांना वाचवण्यासाठी.

(निवेदन थांबतं. अंधाऱ्या हॉलमध्ये पडद्याकडे बघणारी मुलं. एकेक चेहरा, पुरेसा वेळ.)

जाड बाईच्या देहालाच राक्षस करण्यातला कठोरपणा आम्हालाही खटकतो, आणि तो आक्षेप रास्त आहे. तरी लहान मुलांच्या सिनेमाने भुतामागे इतकं खरं दुःख ठेवावं, हे धाडस आहे.

(पडद्यावर : घर पायातून उखडून उभं राहतं)

आणि इथे सिनेमा हातचा जातो. घर उठतं. झाडांचे हात टेकत मुलांच्या मागे धावतं. दृश्य म्हणून थरारक आहे, वाद नाही. पण झपाटलेल्या घराची भीती ते एका जागी थांबतं यात असते. ते वाट बघतं, जायचं आपण असतं. १९६३ च्या 'द हाँटिंग'मध्ये रॉबर्ट वाइज यांनी भूत एकदाही दाखवलं नाही. एक बंद दार, आणि ते पलीकडून कोणीतरी रेटावं तसं आतल्या बाजूला फुगतं. घर तसूभरही हललं नाही आणि बघणाऱ्यांची पाचावर धारण बसली. 'मॉन्स्टर हाउस'चं घर गवताची कड ओलांडतं तेव्हा ती कडच पुसली जाते. आता फक्त पळायचं, क्रेनवर चढायचं, धुराड्यात डायनामाइट टाकायचं. हा साहसपट झाला. चांगला आहे, पण भयपट संपला.

शेवटी तर गिळलेली माणसं, कुत्रासुद्धा, ढिगाऱ्यातून सुखरूप बाहेर येतात. ही सूट नको होती. कॉन्स्टन्सचं मरण मुलांना दाखवता येतं, तर एखाद्याचं परत न येणंही त्यांना दाखवता आलं असतं.

सिनेमाला ऑस्करचं नामांकन मिळालं, पुरस्कार 'हॅपी फीट'ला गेला.

(पडद्यावर : पुन्हा हॉल, दिवे लागतात, मुलं एकमेकांशी बोलतायत)

घरी मुलांना हा सिनेमा दाखवणार असाल तर दिवसाउजेडी, खिडक्या उघड्या टाकून दाखवू नका. शेजारी बसा. घर धावायला लागलं की हवं तर चहा ठेवायला उठा, पण तळघराचा प्रसंग पुढे ढकलू नका. मुलांनी त्या बाईबद्दल विचारलं तर उत्तर द्या.