माग थांबले की

श्रोतेहो, नमस्कार.

रोहिणी लागून चार दिवस झाले. २५ मे गेली, आता ७-८ जूनला मृग. या मधल्या पंधरवड्याला आमची आजी 'आवरतीचे दिवस' म्हणायची. सोलापुरात पारा अजून चाळिशीच्या खाली उतरायला तयार नसतो, कूलरच्या टाकीत दिवसातून दोनदा बादल्या ओताव्या लागतात, पण दुपारचे चार वाजले की अक्कलकोटच्या बाजूला आभाळ काळवंडतं आणि घरोघरच्या बायकांच्या माना वर होतात. गच्चीवर अजून काय राहिलंय? आज या आवराआवरीबद्दलच बोलायचं आहे.

आधी धान्य. वर्षाची ज्वारी घेऊन झाली असेल. मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली असेल तर तुम्ही नशीबवान. तिला कडक ऊन दाखवलंत ना? मग आता ती गार होऊ द्या आणि मगच कोठीत भरा. पुन्हा सांगते, गरम धान्य कोठीत भरायचं नाही. त्याला घाम सुटतो आणि मग किडे होतात. कडुलिंबाचा पाला घालायचा तो वाळलेला, ओला नाही. गव्हाला एरंडेल चोळायचं, किती ते तुमच्या हाताला ठाऊक आहे. लोणच्याचं तर मी तुम्हाला काय सांगणार? बरणी कोरडी, हात कोरडा.

आमचे पुण्याचे पाहुणे मे महिन्यात येतात आणि तीन दिवस फक्त उकाड्याबद्दल बोलतात. मला ते आवडत नाही. अहो, या उन्हावरच तर आमच्या मिरच्या, पापड, शेवया वाळतात, आणि जाताना तुम्हीच डबे भरून नेता. असो.

दुसरं पाणी. या दिवसांत सोलापुरात दोन माणसं भेटली की 'बरं आहे का' विचारायच्या आधी 'उजनी उणे किती?' असं विचारतात. बाहेरच्या माणसाला हे 'उणे' कळत नाही. उजनी धरणात सगळं मिळून ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतं, त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठ्याचं. वरचं उपयुक्त पाणी संपलं की मोजणी शून्याच्या खाली जाते. म्हणजे उणे असताना धरण कोरडं नसतं, तळाचं पाणी चालू असतं. आणि ते भरतं कुणाच्या पावसावर? पुणे जिल्ह्यातल्या घाटाच्या. भीमेला आणि तिच्या नद्यांना तिकडे पूर आला की आमच्या नळाचं भागतं. त्यामुळे आमच्या आजीनं देवापुढं पाऊस मागितला तरी तो 'तिकडं वर पडू दे' असाच मागितला. आपल्या गावावर खरा पाऊस पडतो तो सप्टेंबरात, परतीचा. रब्बीची ज्वारी त्याच्यावरच येते.

मृगाची फार भीती बाळगू नका. भीती बाळगायची ती वळवाची. मृग सांगून येतो, वळीव न सांगता येतो. आणि आला की दहा मिनिटांत वर्षाचं वाळवण घेऊन जातो.

यावरून एक गोष्ट सांगते. माझ्या घरचे ही गोष्ट सुरू झाली की एकेक करून उठून जातात. तुम्ही रेडिओ बंद करणार नाही, अशी आशा आहे.

मी सहावीत होते. आम्ही तेव्हा साखर पेठेत राहायचो. घरांना घरं लागून, दोन गच्च्यांच्या मध्ये गुडघ्याएवढा कठडा. आमच्या डाव्या हाताला पद्मशाली कुटुंब. घरात तेलुगू बोलायचे आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर चार यंत्रमाग होते. त्या घरच्या बाईंना आम्ही अक्का म्हणायचो. उजव्या हाताला कानडी घर, तिथल्या म्हाताऱ्या बाई सगळ्या गल्लीच्या अव्वा. अक्कांचे माग, पलीकडच्यांचे माग, समोरच्यांचे माग, सगळा दिवस खडखड, खडखड. त्या आवाजात आम्ही पाढे पाठ केले. पाहुणे पहिल्या रात्री कानात कापूस घालायचे. आम्हाला मात्र तो आवाज आहे हेच कळायचं नाही. थांबला की कळायचं.

त्या वर्षी धाकट्या काकाचं लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात निघालं. कुरडया खरं तर चैत्रातल्या, पण लग्नाच्या धांदलीत राहिल्या. आमच्याच नाही, सगळ्या गल्लीच्या राहिल्या, कारण सगळी गल्ली आमच्याकडे पापड लाटायला, तांदूळ निवडायला, रुखवत मांडायला राबत होती. लग्न उरकलं तेव्हा आई म्हणाली, यंदा कुरडया राहू देत. आजी म्हणाली, "श्रावणात नव्या सुनेच्या माहेरची माणसं जेवायला येणार, आन् ताटात कुरडई नाही?" झालं. दहा किलो गहू भिजत पडले. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, जिन्यात तो आंबूस वास. मग वाटणं, गाळणं, रात्रभर चीक खाली बसणं, आणि पहाटे पातेल्यात तो चीक घाटायला दोन माणसं. सोऱ्या नव्या काकूच्या हातात दिला. तिच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती आणि चीक असा कढत की बोलायची सोय नाही. (आता पाकिटातल्या कुरडया मिळतात. मिळू देत. तळल्यावर फुलतात छान, पण गव्हाची आंबूस चव कुठं असते त्यांना? आमच्या सुनेला हे पटत नाही.)

गच्चीवर जुनी लुगडी अंथरून कुरडया घातल्या. शेजारी अक्कांच्या कुरडया आणि वडियालु, पलीकडे अव्वांचे संडिगे, दोन्ही आपल्या सांडग्यांसारखे. दुसरा दिवस. वरून कडक झालेल्या, खालून अजून मऊ. दुपारचे चार. सगळं घर पडलेलं, आजी मधल्या घरात, पदर तोंडावर घेऊन.

आणि माग थांबले.

आजी ताडकन उठून बसली. म्हणाली, "माग थांबले." आम्ही म्हटलं, लाइट गेली असेल, मे महिन्यात जातेच की. आजीचा हिशोब वेगळा होता. भर दुपारी सगळ्या पेठेची वीज एका दमात गेली, म्हणजे वारा कुठंतरी तारांपर्यंत पोचलाय. "पाऊस यायलाय," ती म्हणाली. बाहेर लख्ख ऊन होतं.

आम्ही वर पळालो. ऊन होतं, पण अक्कलकोटच्या बाजूनं धुळीची भिंत येत होती. अक्का पलीकडून ओरडल्या, "वाना! वाना!" अव्वांच्या गच्चीवरून "मळी बंतु!" आणि आमच्या गच्चीवरून "पाऊस, पाऊस!" एवढा माल गोळा कशात करायचा? परातीत मावेना. जिन्याच्या वळणावर लग्नात आलेल्या आहेराच्या चादरी होत्या, नऊ, दोरी बांधलेल्या, एकदाही न उघडलेल्या. आजीनं दोरी तोडली. आई खालून म्हणाली, "अहो, नव्या आहेत त्या!" आजी म्हणाली, "मग धुतल्या की जुन्या होतील. काय बघायलीस? धर की टोक!"

चादरीवरून सांगते. सोलापुरी चादरीची नक्षी मागावर विणलेली असते, छापलेली नाही. म्हणून ती दोन्ही बाजूंनी दिसते. तिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी बाहेरगावी सोलापुरी म्हणून काय काय गळ्यात मारतात! उलटून बघा. एवढंच सांगते, उलटून बघा.

तर ती मोराची निळी चादर आम्ही चौघांनी चार टोकांना धरली आणि आजी कुरडया उचलून उचलून तीत टाकू लागली. आमची गच्ची झाली, कठडा ओलांडून अक्कांची. अक्कांची झाली, उलट येऊन अव्वांची. नवी काकू, जी सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती, तिनं तो पदर कमरेला खोचला आणि कठड्यावरून उडी मारली. आजोबा तोंड फिरवून आभाळाकडे बघत उभे राहिले. शेवटचं गाठोडं जिन्यातून खाली जाताना रुपयाएवढे थेंब पडायला लागले. मग धो धो. दहा मिनिटं. आणि बंद.

आता खरी गंमत. लाइट नव्हती. मधल्या घरात कंदील लावला आणि गाठोडी सोडली. सगळ्या घरांचं सगळं एकत्र! कुरडयांत वडियालु, वडियालुंत संडिगे, आणि मध्येच कुणाच्या तरी लाल मिरच्या. त्या कुणाच्या ते शेवटपर्यंत कळलं नाही. गोल करून बायका बसल्या. संडिगे वेगळे निघाले, वडियालु निघाले. पण कुरडया? आमच्या आणि अक्कांच्या कुरडया एका रंगाच्या, एका मापाच्या. आई म्हणाली, "असू द्या, तुमच्याच असतील." अक्का म्हणाल्या, "नाही नाही, तुमच्याच की." बायका इतक्या गोड बोलायला लागल्या की समजायचं, आता दोन महिने बोलणं बंद होणार.

तेव्हा आजी म्हणाली, "कंदील इकडं आणा." तिनं एक कुरडई उचलली, उजेडासमोर धरली, फिरवली आणि आमच्या बाजूला ठेवली. दुसरी उचलली, अक्कांच्या बाजूला. तिसरी आमच्या. आई बघतच राहिली. कसं काय ओळखता? आजीनं जरा वेळ सांगितलं नाही. मग पुटपुटली, "आपल्या सोऱ्याच्या चकतीचं एक भोक वाढलंय. प्रत्येक कुरडईत एक तार जाड येती."

आई म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आपण जाड तारेच्या कुरडया..."

"मग? कुणाच्या दाताला लागली का?"

रात्री नऊपर्यंत आजी एकेक कुरडई कंदिलासमोर धरत होती. ज्यांचा तुकडाच उरला होता आणि ज्यांत जाड तार सापडेना, त्या अक्कांना दिल्या. अव्वांनी आपले संडिगे कानडीत मोजले आणि अकरा कमी भरले म्हणून जाहीर केलं. ते अकरा माझ्या भावाच्या चड्डीच्या खिशात होते. अर्धे ओले, अर्धे वाळलेले, मीठ जरा जास्त. मला त्यानं चार दिले.

दुसऱ्या दिवशी काही घडलंच नाही असं ऊन पडलं आणि सगळं पुन्हा वाळलं. फक्त ओल्या कुरडयांना नव्या चादरीचा कापूस चिकटला होता. श्रावणात काकूच्या माहेरची माणसं जेवायला आली. तिच्या वडिलांनी कुरडई मोडली, तिच्यातून एक निळा धागा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. आमच्या सगळ्यांचे घास हातातच. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "अजून एक वाढा."

माझा वेळ संपत आला. शाळांचं बोलायचं होतं, ते दोन वाक्यांत. जूनच्या मध्याला शाळा उघडतील. पुस्तकांना कव्हर घालायला मुलांना बसवा, तुम्ही घालू नका. वेडीवाकडी घातली तरी चालतील. दप्तर धुऊन उन्हात टाका, तेही आता, अजून ऊन आहे तोवर. आणि गच्चीवरचं काढून घ्या. पुन्हा सांगते, तीनच्या आत गच्चीवरचं काढून घ्या. मोबाइलवर पावसाचे टक्के येतात, ते बघा हवं तर.

आमच्या गल्लीत आता दोनच माग उरलेत. तरी मी त्यांच्याकडे कान ठेवून असते. मात्र या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. समोरच्या घड्याळात पावणेचार झालेत, आणि यंदा आमच्याकडे नातीच्या बारशामुळे कुरडयांना उशीर झालाय. सकाळीच घातल्यात. निघते मी. नमस्कार.