हल्ली कोण घेत नाही?

(सकाळ. समाजमंदिराचा ओटा. स्टीलचे पेले एकेक करून मांडले जातायत.)

हे १०० पेले आहेत. गावच्या देवळाच्या भांडारातले. जत्रा असो, लग्न असो, कुणाचं तेरावं असो, पंगतीला हेच पेले निघतात. प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं आहे. कुणी आईच्या स्मरणार्थ दिलेत, कुणी वडिलांच्या. आज ते आम्ही एका वेगळ्या कामासाठी मागून आणलेत.

मांडणारे हे हात एका फॅब्रिकेशनवाल्या दादांचे आहेत. गेट, ग्रिल, गोठ्याच्या शेड, असली कामं ते करतात. २१ वर्षं त्यांनी दारू घेतली. सोडून चार वर्षं झाली. हात दिसतील, चेहरा दिसणार नाही, गावाचं नाव येणार नाही, असं आमचं ठरलंय.

दादांना आम्ही एवढंच सांगितलं : हे १०० पेले म्हणजे महाराष्ट्रातले १०० पुरुष, पंधरा वर्षांच्या वरचे. यातले जेवढे दारू घेतात, तेवढे पेले सुलटे ठेवा. बाकीचे पालथे घाला.

(पेल्यांचा आवाज. निवेदन थांबतं.)

दहा-दहाच्या दहा ओळी. पहिली ओळ सगळी सुलटी. दुसरीही. सहाव्या ओळीपर्यंत हात कुठेच अडला नाही. आठव्या ओळीनंतर ते थांबले. शेवटच्या दोन ओळी तेवढ्या पालथ्या राहिल्या.

८० घेणारे, २० न घेणारे.

हे २० कोण, असं विचारलं. म्हणाले, "माळकरी."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. सर्वेक्षण करणारे घरोघरी गेले, माणसांना समोर बसवून प्रश्न विचारले. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी दारू घेणारे निघाले १३.९ टक्के. बायकांमध्ये ०.४ टक्के.

म्हणजे या ओट्यावर १४ पेले.

(दादा पेले पालथे घालतायत. पूर्ण वेळ दाखवायचं.)

हे दृश्य आम्ही कापलेलं नाही. ८० पैकी ६६ पेले पालथे घालायला त्यांना जवळजवळ तीन मिनिटं लागली. बघत राहा.

(शांतता.)

आता तुम्ही म्हणाल, दारूचं खरं कोण सांगतं? बरोबर आहे. दारात आलेल्या अनोळखी माणसाला लोक कमीच सांगतात. आपण आकडा दुप्पट धरू. तरी २८ होतात. दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यात १० ते ७५ वयातल्या पुरुषांपैकी २७.३ टक्के दारू घेतात असं आढळलं. प्रश्न वेगळे, वयोगट वेगळा, म्हणून आकडाही वेगळा. पण कुठलाही आकडा घ्या, पालथे पेलेच जास्त राहतात. गोव्यात, तेलंगणात प्रमाण महाराष्ट्राहून बरंच जास्त आहे. तिथेही घेणारे पुरुष निम्म्याच्या आतच आहेत.

आणि हे १४ सगळे रोजचे नाहीत. देशभराचा हिशेब असा की पिणाऱ्या १०० पुरुषांतले साधारण १५ जवळपास रोज घेतात. आठवड्यातून एकदाच्या आसपास घेणारे ४३. बाकीचे त्याहून कमी. तोच हिशेब या ओट्यावर लावला तर रोजचे निघतात दोन. त्या दोन पेल्यांत दादांनी काठोकाठ पाणी भरलं. तसं करायला आम्ही सांगितलं नव्हतं.

(वरून घेतलेलं दृश्य : ८६ पालथे, १२ रिकामे, २ भरलेले.)

मग दादांना ८० कुठून दिसले?

चार वर्षांपूर्वीची त्यांची संध्याकाळ त्यांनी आम्हाला रस्त्यावरून चालून दाखवली. सातला वर्कशॉपचं शटर खाली. पुढच्या चौकात पत्रेवाला भेटायचा, मग ट्रॅक्टरवाला, मग रंगकाम करणारे दोघे. "बसायचं का?" एवढाच शब्द. तिथून परमिट रूम. आत शिरलं की डावीकडचं टेबल, उजवीकडचं टेबल, काउंटरला उभे असलेले, सगळ्यांच्या हातात ग्लास. २१ वर्षं संध्याकाळी सातनंतर त्यांनी गाव पाहिलं ते त्या खोलीतून.

जो माणूस सातला सायकल काढून घरी जातो, पोराचा अभ्यास घेतो, जेवून झोपतो, तो त्या खोलीत कधी येतच नाही. न येणारा मोजणार कसा? वरातीत नाचणारे, झिंगलेले चारजण सगळ्या गावाच्या लक्षात राहतात. त्याच वरातीत बाजूने चालणारे दोनशे कुणाच्याच लक्षात राहत नाहीत. गटारीला दुकानापुढे लागलेल्या रांगेचा फोटो छापून येतो. रांगेत नसलेल्यांचा फोटो काढणार तरी कसा? आम्हालाही तो काढता आला नाही, म्हणून तर हे पेले मांडावे लागले.

(परमिट रूमची पाटी. दिवा लागतो.)

ही पाटी जरा वाचा. परमिट रूम. आपल्याला हा शब्द इतका सवयीचा झालाय की त्यातला परवाना आता ऐकूही येत नाही. १९४९ साली मुंबई दारूबंदी कायदा झाला. मुळात बंदी, आणि ज्याच्याकडे परवाना आहे त्याला सूट, अशी त्याची रचना. तो कायदा आजही लागू आहे. परवाना एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजन्म मिळतो. परवानाधारकांनी बसायची खोली म्हणून परमिट रूम. घेणारा हा अपवाद, असं त्या पाटीवरच लिहिलंय. आत बसल्यावर मात्र तोच नियम वाटायला लागतो.

हे फक्त आपल्याकडे घडत नाही. १९८६ साली अमेरिकेत पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या महाविद्यालयातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना दोन गोष्टी विचारल्या होत्या : पिण्याबद्दल तुझं स्वतःचं मत काय, आणि इथल्या बाकीच्यांचं काय असेल? बहुतेकांचं स्वतःचं मत बेताचं होतं, पण बाकीचे आपल्यापेक्षा बरेच मोकाट आहेत अशी बऱ्याच जणांची समजूत. नंतर कितीतरी ठिकाणी हेच दिसलं, आणि जो जास्त पितो त्याचा अंदाज जास्त फुगलेला असतो हेही दिसलं. पुढे काही विद्यापीठांनी खरे आकडे भिंतींवर लावले. कुठे पिणं कमी झालं, कुठे काही फरक पडला नाही.

त्याच १९८६ सालच्या ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. "हल्ली कोण घेत नाही?" हे वाक्य ज्या खोल्यांमधून रोज ऐकू येतं, अशा खोल्या महाराष्ट्रात तेव्हापासून वाढत गेल्या. दादा अशाच एका खोलीत गुरुवारी बसतात. तिथलं चित्रीकरण आम्ही केलेलं नाही, करणारही नव्हतो.

(वर्कशॉप. लोखंडी बाक, टेप, गुण्या. काचेचा जुना ग्लास.)

हा त्यांचा जुना ग्लास. वहिनींनी माळ्यावर टाकला होता, आमच्यासाठी काढून दिला.

दादांची मोजणी सुतात चालते. इंचाचे आठ सूत. एक सूत फरक पडला तर गेट बसत नाही, घासतं. पत्र्याकडे नुसतं बघून ते जाडी सांगतात. आम्ही त्यांना बाटलीत पाणी भरून दिलं आणि म्हटलं, तुम्ही घ्यायचा तसा एक पेग ओता.

(हात. बाटली कलते. पाणी पडताना जवळून.)

हात थांबला तिथेच त्यांनी बाटली सरळ केली. न बघता. चार वर्षांनंतरही हाताला जागा ठाऊक होती.

ते पाणी आम्ही शाळेतून आणलेल्या मोजपात्रात ओतलं. ९० मिलिलिटर.

"छोटा" पेग ३० मिलिलिटरचा असतो. व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो, म्हणजे ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम. डॉक्टर मोजतात ते एक माप हेच. दादांचा एक पेग म्हणजे तीन मापं झाली. रोज "दोनच" घ्यायचे. दोनच म्हणजे १८० मिलिलिटर, अख्खी क्वार्टर, ६० ग्रॅम मद्यार्क. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेण्याला जागतिक आरोग्य संघटना अतिरेकी पिणं म्हणते.

बियरचंही सांगून टाकतो, कारण "बियर म्हणजे काय दारू आहे का" हे आम्हाला गावात चार जणांनी ऐकवलं. ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बाटली, ८ टक्क्यांची, म्हणजे चार मापं.

हे आकडे दादांना वाचून दाखवले. ते काही बोलले नाहीत. मोजपात्रातलं पाणी त्यांनी परत ग्लासात ओतलं, परत मोजपात्रात घेतलं. तरी नव्वदच.

(हे पूर्ण दाखवायचं. निवेदन नको.)

२०१९ मध्ये जगभरात दारूपायी २६ लाख माणसं गेली. एम्सच्या अहवालात आहे की दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळते. रोज भरपूर घेणाऱ्याने मनानेच एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात; आधी डॉक्टरांना गाठावं.

(वहिनी चहा घेऊन येतात.)

पेल्यांची गोष्ट वहिनींना कुणी सांगितली नव्हती. चहा ठेवता ठेवता आम्ही सहज विचारलं, शंभरात किती जण घेत असतील? दादांना अर्धा तास लागला होता. वहिनी म्हणाल्या, "असतील पंधरा-वीस." तुम्हाला कसं माहीत, असं विचारलं तर म्हणाल्या, "गिरणीत जाते, रेशनला जाते, भजनाला जाते. माणसं दिसतात की."

(दादा टेप लावून ग्लास मोजतायत.)

३० मिलिलिटर या ग्लासात पाच सुतांवर येतं. ९० येतं पंधरा सुतांवर. पाच सुतांवर दादांनी काच कापायच्या हिऱ्याने आडवी रेघ ओढली. पंधरावर दुसरी. ग्लास फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. गुरुवारी बरोबर न्यायचाय.